खंडेनवमीचं पाणी

प्रिझमपुढच्या पांढऱ्या कार्डावर नुसता हिरवा ठिपका. तोही विस्कटलेला. नारिंगीचा पत्ता नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून कामोठ्याहून पनवेलच्या लॅबमध्ये आले, तर समोर हे. दुसऱ्या दिवशी चार वाजता त्वचारोगतज्ज्ञ डॉ. मुल्ला डेमोला येणार होत्या. जन्मतः असणाऱ्या लाल डागांवर त्यांना नारिंगी लेझर हवा होता. आमच्याकडे होता हिरवा. त्याचा नारिंगी करण्यात माझी तीन वर्षं गेली होती.

हे करतात कसं? हिरवा प्रकाश एका क्रिस्टलमधून जाऊ द्यायचा. क्रिस्टल त्यातली थोडी ऊर्जा ठेवून घेतो, एक्सप्रेसवेवरच्या टोलसारखी. उरलेल्या प्रकाशाची ऊर्जा कमी, म्हणजे वेव्हलेंग्थ लांब आणि रंग वेगळा. एक टोल भरला की हिरव्याचा पिवळसर, दुसरा भरला की नारिंगी. याला रामन स्कॅटरिंग म्हणतात. टोल किती, ते क्रिस्टल ठरवतो. आमचा क्रिस्टल बेरियम नायट्रेटचा, बोटाएवढा.

तो दिव्याखाली धरला. काचेसारखी चकचकीत टोकं धुरकट झाली होती. होल्डरवर हळदीकुंकू. मी जनार्दनदादांना हाक मारली. दादा चिरनेरचे, लेन्स पॉलिश करण्यात त्यांची हयात गेलेली.

"दादा, हा पूजेत ठेवला होता?"

"हो. खंडेनवमीला सगल्यांची हत्यारं मांडली. तुमी रजेवर. तुमचंच हत्यार नाय, बरं दिसत नाय ना. म्हणून डबीतून काढला, फुलानं पानी शिंपडलं." मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "बिगडला काय?"

बिघडला होता. हा क्रिस्टल पाण्यात विरघळतो. डबीवर मी ठळक अक्षरांत 'हायग्रोस्कोपिक', म्हणजे ओलावा शोषणारा, असं लिहिलं होतं. तेही इंग्रजीत. राग भयंकर आला, पण काढणार कोणावर? माझं हत्यार त्यांनी मानानं मांडलं होतं.

आमचे बॉस देवधर सर शांतपणे म्हणाले, "नवीन क्रिस्टल?"

"सहा आठवडे."

"डॉक्टरांना आपण दोनदा पुढची तारीख दिलीय. उद्या नारिंगी दिसला नाही तर प्रोजेक्ट बंद."

"दिसेल, सर."

कसा, ते मलाही माहीत नव्हतं. पण तीन वर्षांचं काम फुलावरच्या चार थेंबांपायी सोडणार नव्हते.

धुरकट टोकं पुन्हा पॉलिश करणं एवढाच मार्ग होता. पण पॉलिश करायला पावडर आणि पाणी लागतं. इथे पाणीच वैरी. तेल वापरून पाहिलं, तर ओरखडे उठले. दादा मागे उभे राहून बघत होते.

"मॅडम, ह्यो हाय तरी काय?"

"एक प्रकारचं मीठच, दादा. विषारी, खायचं नव्हे."

"मीठ? मंग आदी नाय सांगायचं?" दादा पुढे आले. "आमचं मिठागर होतं. मीठ धुवायचं तं खाऱ्या पान्यानं. त्या पान्याचं पोट मिठानं भरलेलं, त्ये आनखी मीठ घेत नाय. गोड्या पान्यानं धुतलं तं टोपली रिकामी."

मी जागच्या जागी थबकले. 'सॅच्युरेटेड सोल्युशन' मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलं आणि विसरले.

ड्रॉवरमध्ये जुन्या क्रिस्टलचा तुटका तुकडा होता. हातमोजे घालून कुटला आणि तळाशी थोडा उरेपर्यंत पाण्यात विरघळवला. वरचं पाणी गाळून पॉलिशची पावडर त्यात कालवली. एसीला कोणाला हात लावू दिला नाही. पाणी तापलं की त्याची भूक पुन्हा वाढते. दादांनी संध्याकाळपर्यंत एक टोक केलं, दुसरं सकाळी. मी प्रत्येक वेळी कोरड्या अल्कोहोलनं पुसून भिंगाखाली पाहत होते. "अजून जरा," म्हटलं की ते मुकाट्यानं पुन्हा बसायचे. बारा वाजता मी म्हटलं, "बास."

चार वाजता सगळ्यांनी गॉगल चढवले. मी पॉवर हळूहळू वाढवली. हिरवा. हिरवाच. मग शेजारी पिवळसर ठिपका उमटला. आणखी थोडी वाढवली, आणि त्याच्या पलीकडे नारिंगी, अगदी स्थिर.

"मशीन कधी देताय?" डॉ. मुल्लांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दादांकडे पाहिलं आणि मला रडू आलं. गॉगलचा तेवढा एक फायदा.

तीन वर्षं मी हा टोल सरांना, डॉक्टरांना, पाहुण्यांना समजावत होते. ज्यांचे हात रोज त्या टेबलावर होते, त्यांना क्रिस्टल कशाचा आहे एवढंही सांगितलं नव्हतं.

आता डबीवर मराठीत लिहिलंय: 'मीठ आहे. पाणी लावू नये.' अक्षर दादांचं. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी बंद डबी पूजेत मांडली, झाकणावर कोरडं कुंकू लावलं आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. "तुमीच शिंपडा. तुमाला म्हाईत हाय, कुठं नाय त्ये."