ताईची बाई

माझी थोरली बहीण बोलताना अडखळते, अगदी लहानपणापासून. इतर शब्द अडले तर तिला वाट काढता येते. 'पाणी' अडलं की 'तहान लागलीय' म्हणायचं, काम भागतं. पण स्वतःच्या नावाला पर्याय नसतो, आणि तिचं नाव तिला सगळ्यात जड जातं. शाळेत हजेरी सुरू झाली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. मुलांनी तिचं नाव 'टाइपरायटर' ठेवलं होतं. नाव चपखल होतं, म्हणूनच ते जास्त लागायचं.

घरी पाहुणे आले की ती मूग गिळून बसायची. लोक म्हणायचे, "तुमची थोरली फार शांत हो!" शांत कसली? पाहुण्यांची पाठ वळली रे वळली की उशीला बुक्के मारायची. दुकानात, दवाखान्यात, दारावर कोणी आलं तर, तिच्या वतीने मीच बोलायचे. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असून मी घरातली बोलकी बाहुली झाले.

मग एकदा मामाने त्याचा जुना टेपरेकॉर्डर आमच्याकडे टाकला. टाकला असंच म्हणायला हवं, कारण त्यात एक कॅसेट अडकून बसली होती आणि काही केल्या बाहेर निघत नव्हती. दुसरी लावायची सोयच नाही. त्यामुळे आमच्या घरात एकाच गायिकेची तीच गाणी सकाळ-संध्याकाळ वाजायला लागली. मी कंटाळले, बाबा वैतागले. ताईला मात्र ती बाई आवडली. इतकी आवडली की घरात तिचं नावच 'ताईची बाई' पडलं.

एका दुपारी आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि मला म्हणाली, "ताईकडे कोण आलंय गं?"

"कोणी नाही."

"मग गातंय कोण?"

आम्ही दोघी दारापाशी गेलो. ताई आमच्याकडे पाठ करून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि टेपबरोबर गात होती. घरापासून लांब गेलेल्या कुणाचं तरी ते एक संथ गाणं होतं. एकही शब्द अडकत नव्हता. मी आत धावणार, तेवढ्यात आईने माझा दंड धरला. "जाऊ नकोस," ती कुजबुजली, "थांबेल ती." आई तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. गाणं संपलं तरी तिने माझा दंड सोडला नव्हता.

गाताना जीभ अडत नाही हे डॉक्टरांना ठाऊक असेल, आम्हाला नव्हतं. ताईने ते आपलं आपण शोधलं आणि पुढचं डोकंही स्वतःच लढवलं. त्या संथ गाण्याची लय तिने बोलण्यात आणली. मांडीवर बोटाने हलकेच ठेका धरायचा आणि एकेक शब्द त्यावर सोडायचा. सुरुवातीला ऐकणाऱ्याला गंमत वाटायची. पण ती दुकानात जाऊन स्वतः दोरा मागायला लागली. डॉक्टरांना स्वतः सांगायला लागली की कुठे दुखतंय. अडखळणं काही गेलं नाही, पण तिच्या बोलण्याचं दार किलकिलं झालं.

पुढे तिला एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम मिळालं. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे ताई आणि तिचं शिलाई मशीन. पँट्स आखूड करायच्या, चेन बदलायच्या, कोटांची अस्तरं लावायची. दुकानाच्या मालकीणबाई तोंडाने फटकळ. गिऱ्हाइकांशी त्या बोलायच्या, ताई मागे तिच्या बाईची गाणी लावून, टाचण्या तोंडात धरून काम करायची. तोंडात टाचण्या असल्या की बोलायला कोणी सांगत नाही, ही तिची जुनी युक्ती.

तिथेच भावोजी भेटले. ते बसच्या कारखान्यात मेकॅनिक. पँट आखूड करायला म्हणून आले आणि पडद्याच्या फटीतून ताई दिसली. आठवड्याने तीच पँट पुन्हा घेऊन आले, अजून थोडी आखूड हवी. मग पुन्हा आले. शेवटी ताई बाहेर आली आणि ठेका धरून म्हणाली, "आता... हिची... चड्डी होईल." भावोजी म्हणाले, "होऊ दे की. तुमचा आवाज तर ऐकायला मिळाला!" लग्नानंतर ताई तिच्या बाईची गाणी लावायची आणि भावोजी म्हणायचे, "हिच्या माहेरून ही सवत बरोबर आलीय. जेवत नाही, भांडत नाही, फक्त गाते. चालेल."

गेल्या वर्षी नाताळच्या आधी गावात पोस्टर लागलं. ताईची बाई आता म्हातारी झाली होती आणि वर्षातून एकदाच, नाताळचा कार्यक्रम करायची, तोही दूरच्या मोठ्या शहरांत. त्या वर्षी कसं कोण जाणे, ती आमच्या गावच्या नाट्यगृहात येणार होती, शनिवारी दुपारी. मी त्याच दिवशी दोन तिकिटं काढली आणि ताईच्या हातात ठेवली. तिने ती उलटी केली, सुलटी केली, आणि मशीनच्या खणात ठेवून खण लावून घेतला. मग माझ्याकडे बघून नुसती हसत राहिली. तिचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा ती इतकी हसली नव्हती. भावोजींनाही मी हे सांगितलंय, त्यांना ते मान्य आहे.

अडचण एकच होती. नाताळ तोंडावर आला की दुकानात कपड्यांचा ढीग पडतो. ज्याला त्याला आपला ठेवणीतला कपडा आधी हवा असतो, आणि वर्षभरात सगळ्यांची पोटं वाढलेली असतात. अशात सुट्टी मागायची म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. मी म्हटलं, मी बोलते मालकीणबाईंशी. ताई म्हणाली, नको.

ती स्वतः गेली. "शनिवारी दु... दुपारी सुट्टी हवी. माझी बा... बाई येतेय."

"कोण बाई? ती पडद्यामागे सारखी रडत असते ती?"

"र... रडत नाही. गाते."

"जा बाई, जा," मालकीणबाई म्हणाल्या. "तेवढाच माझ्या कानांना आराम. आणि हे बघ, जायचंच तर नीट जा. तो निळा कोट घेऊन जा, गिऱ्हाईक गेल्या वर्षीपासून न्यायला आलं नाही. बाह्या तेवढ्या लांड्या कर."

त्या दिवशी ताई निळ्या कोटात निघाली तेव्हा मी तिला बघतच राहिले. दुसऱ्यांचे कपडे बेतता बेतता तिने स्वतःसाठी कधी इतकं नेटकं काही घातलंच नव्हतं.

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. ओले कोट, अत्तर आणि खोकल्याच्या गोळ्या यांचा मिळून एक वास येत होता. रंगमंचाच्या एका बाजूला नाताळचं झाड, त्यावर साधे पिवळे दिवे. पियानो वाजवणारा एक गृहस्थ आणि मागे शाळकरी मुलींचा छोटा गायकवृंद. पडदा उघडला आणि ताईची बाई आली. फोटोतल्यापेक्षा ठेंगणी, केस पांढरेशुभ्र. चालताना एका हाताने पियानोचा आधार घेतला. ताईने माझा हात घट्ट पकडला.

आवाज आता पूर्वीसारखा नव्हता, हे मलाही कळलं. वरच्या पट्टीत तो थोडा फाटायचा. बाईंना स्वतःलाही ते ठाऊक होतं. एकदा सूर निसटला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हा सूर मी तरुणपणी खर्च करून टाकला." सगळं नाट्यगृह हसलं. ताई हसली नाही. ती पुढे झुकून बाईंच्या ओठांकडे बघत होती आणि तिचे स्वतःचे ओठ आवाज न करता हलत होते. नाताळची गाणी झाली, मुलींबरोबरची झाली. मग दिवे मंद झाले, पियानोवर दोन सूर वाजले आणि ताईने ओळखलं. त्या अडकलेल्या कॅसेटमधलं, घरापासून लांब गेलेल्याचं, ते संथ गाणं.

मला वाटलं होतं, ताई रडेल. रडले मी. ताई खुर्चीत सरळ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, बोटं निवांत. कुठला ठेका नाही, काही नाही. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा भूक लागल्यावर तो जसा दिसतो, तशी ती दिसत होती.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात रांग लागली. बाई एका टेबलामागे उभ्या राहून सह्या देत होत्या. खुर्ची होती, पण तिच्यावर पुष्पगुच्छांचा आणि भेटींचा ढीग पडला होता. शेजारी कार्यक्रमाचा एक व्यवस्थापक, सारखा घड्याळ बघणारा. ताईने एक वाक्य ठरवून ठेवलं होतं: 'तुमच्या गाण्याने मला बोलायला शिकवलं.' रांगेत ती ते मनात घोकत होती, बोट कोटाच्या खिशात हलताना मला दिसत होतं.

आमची पाळी आली. व्यवस्थापकाने विचारलं, "सही कोणाच्या नावाने? पटकन सांगा."

नावच विचारलं. नेमकं नाव!

ताईने तोंड उघडलं आणि पहिल्या अक्षरावर अडकली. मान ताठ झाली, डोळे मिटले गेले. मागची माणसं चुळबुळली. व्यवस्थापक अंदाजाने भलतीच नावं सुचवायला लागला. मी सांगणारच होते, शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात बाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि त्याला म्हणाल्या, "अहो, त्या सांगताहेत ना?" मग त्या ताईकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर दया नव्हती की घाई नव्हती. बस यायची आहे आणि ती येईलच, अशा खात्रीने माणूस थांब्यावर उभा असतो ना, तशा उभ्या होत्या.

मीही तोंड मिटलं.

ताईने डोळे उघडले. आणि ठरवलेलं वाक्य राहिलं बाजूला, ती म्हणाली, "तु... तुमचे पाय दुखत असतील. बसा ना."

क्षणभर बाईंना कळेचना. मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. "फार दुखताहेत हो," त्या म्हणाल्या. "दुपारपासून कोणी विचारलं नाही." ताईने खुर्चीवरचे पुष्पगुच्छ उचलून सरळ व्यवस्थापकाच्या हातात दिले. बाई बसल्या. हुश्श केलं.

त्यानंतर ताई बोलली. अडखळत, पण सगळं बोलली. कॅसेट, घड्या घालताना गाणं, मांडीवरचा ठेका. बाईंनी विचारलं, "कुठलं गाणं?" ताईने सांगितलं.

"ते?" बाई आश्चर्याने म्हणाल्या. "मला ते कधी आवडलंच नाही. केवढं संथ! गाताना वाटायचं, लोक झोपणार आता."

ताई म्हणाली, "मला... तेवढाच वेळ... हवा होता."

बाईंनी ताईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि थोडा वेळ धरूनच ठेवला. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आभार तर मीच मानायला हवेत." शेवटी ताईने स्वतःचं नाव सांगितलं, त्यालाही वेळ लागला, आणि बाईंनी ते सावकाश लिहिलं.

घरी जाताना बसमध्ये ताई अखंड बोलत होती. खिडकीबाहेर दुकानांचे दिवे लागत होते आणि ती मला पियानोवाल्याच्या कोटाची शिवण कशी खांद्यावर चुकली होती ते सांगत होती. तीनदा अडली, चारदा अडली, थांबली, पुढे बोलली. ठेका धरायचंही तिला सुचलं नाही. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं तर ताईने तिलाही सांगून टाकलं, आम्ही कुठून आलोय ते.

सोमवारी मी मुद्दाम दुकानात डोकावले. ताई पडद्याच्या बाहेर, काउंटरपाशी उभी होती आणि मालकीणबाईंना सगळी हकीकत सांगत होती. गिऱ्हाइकं हातात कपडे घेऊन उभी होती. मालकीणबाईंनी गल्ल्याचा खण बंद केला होता आणि हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. हकीकत बाईंच्या खुर्चीपर्यंत आली आणि ताई पुढच्या शब्दावर अडली. कोणी काही सुचवलं नाही. फक्त जाकिटाची चेन बदलायला आलेल्या एका आजोबांना राहवलं नाही.

"सावकाश सांगा," ते म्हणाले, "पण बसल्या ना त्या?"