पहिल्या फेरीत कोण बसणार?

धुळ्याच्या आमच्या मोटार वर्कशॉपातली जुनी माणसं चहाला जमली की नानांचा विषय निघतोच. नाना म्हणजे आमच्या मोटार सर्व्हिसचे इंजिनिअर आणि मॅनेजरही. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी बॉडी चढवून साक्री-नवापूरच्या रस्त्यावर बस धावती केली ती त्यांनीच. ते रिटायर झाले तरी त्यांचे किस्से वाढतच चाललेत. नानांनी स्वतः ऐकले, तर त्यांनाही संशय येईल!

*

संशय हा नानांचा स्वभावच. ड्रायव्हर गंगाराम एकदा म्हणाला, "नाना, बठ्ठं बराबर शे!"

"बठ्ठं? सगळंच? मग नक्की काहीतरी ढिलं आहे," म्हणत नाना खाली वाकले आणि चाकाचा एक नट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला.

तेव्हापासून गंगाराम "थोडंसं बराबर शे" म्हणायला लागला.

*

गाडी सुटताना पुढे नारळ फोडायची पद्धत. नाना तो हातात अडवून धरायचे.

"आधी ब्रेक बघू द्या. देवाला उगीच कशाला गोवता?"

*

त्यांचा खरा कायदा वेगळाच होता. ब्रेक ज्याने बसवले, त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसून कोंडाईबारीचा घाट उतरायचा! एकदा दगडू फिटरच्या पोटात ऐन वेळी कळ आली. नानांनी त्याला सोडा पाजला आणि ब्रेक पुन्हा उघडायला लावले. आत पिन घातलीच नव्हती! दगडूची कळ जागच्या जागी थांबली.

मीही फिटरच. माझं काम चोख होतं, तरी मलाही दर वेळी पुढे बसवायचे. ओलीस ठेवल्यासारखं वाटायचं, फार राग यायचा. नानांनी एकदा तरी माझ्या हातावर विश्वास ठेवावा, एवढीच माझी इच्छा होती.

*

महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, तेव्हा नानांनी बस चालवायला तिच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. गोरा साहेब तपासायला आला, "व्हेरी गुड" म्हणून गेला.

त्याची पाठ वळताच नाना मला म्हणाले, "भट्टी पुन्हा उघड. याला काय दिसलं नाही, ते बघू."

*

पुढे जळगावच्या एका वर्कशॉपाने नानांचा कायदा उचलला. माणसाला आनंद होईल की नाही? नाना न सांगता तिकडे गेले आणि पॅसेंजर होऊन बसले. पुढे खरंच फिटर बसतो का, ते बघायला!

*

नाना रिटायर व्हायच्या थोडं आधी त्यांची लेक बाळंतपण आटोपून सासरी नवापूरला निघाली. बस भरलेली. ब्रेक मीच नवे बसवलेले. कायद्याप्रमाणे मी गंगारामशेजारी जाऊन बसलो. आज लेक आणि तान्ही नात गाडीत, म्हणजे नाना सगळं पुन्हा उघडायला लावणार, अशी माझी खात्रीच होती.

नाना आले. नारळ अडवला नाही. गाडीखाली वाकलेही नाहीत.

"उतर," मला म्हणाले.

"नाना, ब्रेक मीच बसवलेत."

"माहीत आहे. उतर."

मी उतरलो. नानांनी लेकीला माझ्या जागेवर बसवलं, बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि गंगारामला हात केला. बस पांझरेच्या पुलाकडे वळली. मी तिथेच उभा, हातात पाना तसाच, डोळे भरून आलेले.

नाना माझ्याकडे वळले. "तो पाना दे इकडे. खिशात घालून घरी नेशील!"