तीन मिनिटं ओलं

सोनोग्राफीच्या खोलीत त्यांना सगळे ‘तीनमिनिटवाल्या मावशी’ म्हणत, आणि त्यात चेष्टा होती तेवढाच धाकही होता. पेशंट उठला की आधी मशीनच्या प्रोबवरची, म्हणजे पोटावर फिरवायच्या दांड्यावरची, जेल कोरड्या कागदाने पुसायची, मग औषधाचा ओला कागद प्रोबवर, वायरीवर, पलंगावर फिरवायचा. आणि मग थांबायचं! तीन मिनिटं ओलं राहिलं तरच जंतू मरतात. लगेच कोरडं केलं तर नुसती चकाकी. कुणी घाई केली की मावशी ठणकवायच्या, "जंतूंना तुमची घाई कळत नाही हो."

त्या मंगळवारी यादीत लेकीचं नाव दिसलं आणि मावशींनी ते दोनदा वाचलं. चार वर्षांपूर्वी, तिच्या लग्नावरून भांडताना, "तू मला मेलीस" असं त्या बोलून गेल्या होत्या. जिभेला हाड नसतं, हेच खरं. तेव्हापासून पोरीचा आवाज नाही. दुसऱ्यांच्या लेकींसाठी पलंग पुसताना रोज तिची आठवण यायची, आणि आता ती दाराबाहेर बसली होती, सातवा महिना लागलेली.

"मावशी, आटपतं घ्या. बाहेरची पेशंट सारखी घड्याळ बघतेय, निघून जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निघून जाईल! मावशींचा जीव वरखाली झाला. पण आधीची बाई खोकत होती, आणि आता येणारं आपलं नातवंड. पलंग कोरडा करायला हात धजेना.

"अजून एक मिनिट राहिलंय," त्या म्हणाल्या.

लेक थांबली होती. आत आली. मावशींच्या अंगावर टोपी, मास्क, एप्रन. ती कशाला ओळखतेय? पलंगावर चढताना म्हणाली, "मावशी, जरा हात द्या." मावशींनी लगबगीने नवा हातमोजा चढवला. चार वर्षांनी लेकीचा हात हातात आला, तोही रबरातून. मग नियमाप्रमाणे त्या बाहेर गेल्या. दाराआडून बाळाचे ठोके ऐकू आले, आणि त्या भिंतीला टेकून रडल्या.

तपासणी झाल्यावर लेक त्यांच्याजवळ थबकली. वर न बघताच म्हणाली, "लहानपणी हात धुताना असंच मोजायला लावायचीस. बाहेर ‘एक मिनिट राहिलंय’ ऐकलं, तेव्हाच आवाज ओळखला मी. पुढच्या महिन्यात येईन, तेव्हा मास्क काढून बाहेर थांब, आई."

आणि गेली.

मावशी आत आल्या. पलंग अजून उबदार होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हातमोजा काढला आणि न पुसलेल्या पलंगावर उघडा हात ठेवला.

"मावशी, पुढचा पेशंट घेऊ?"

"थांबा हो," मावशी म्हणाल्या, "तीन मिनिटं."