वास येतंय काय ओ, वैनी?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही. देवासमोर बसूनसुद्धा नाही — आता देवाला ठाऊक असेलच, पण तोंडानं म्हणून कधी उच्चारलं नाही. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही. बहुतेक म्हणूनच जमेल. बसा जरा. मी थोडी आडवळणानं येईन, सवयच आहे माझी.

मेणापासून सुरुवात करते. मेणाबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. बेंगळुरूत जे. पी. नगरला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि खाली अक्का. नाव सरोजा, पण सगळ्या गल्लीची अक्काच. माहेर निपाणीकडचं, त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात. मी साताऱ्याहून आलेली, कन्नड येत नाही, भाजीवाल्याशी खाणाखुणा करणारी. अक्कानं मला धरून ठेवलं. मला ‘वैनी’ म्हणायची, आणि तिच्या त्या ‘काय ओ वैनी’नं मला परक्या गावात घर मिळालं असं म्हटलं तरी चालेल.

तेव्हा दिवे सारखे जायचे. बारीक मेणबत्त्या बशीत चिकटवायच्या, त्या कलंडायच्या, टेबलक्लॉथला भोक. एकदा अक्कानं वितळलेलं सगळं मेण खरवडून चहाच्या ग्लासात ओतलं, मध्ये देवाची वात खोचली आणि म्हणाली, “आता कलंड बघू!” तिथून आम्हाला नादच लागला.

तुम्ही कधी करून पाहिलंय? सोपं वाटतं. मेण, वात, भांडं — झालं. पण नाही हो! स्टीलची वाटी घेतली तर ती इतकी तापते की उचलता येत नाही. करवंटीत ओतलं तर करवंटीचा काठच पेटला, आम्ही दोघी हसून हसून बेजार. शेवटी जॅमच्या जाड बरण्या बऱ्या ठरल्या. नुसतं पॅराफिन गार होताना आक्रसतं, वातीभोवती खड्डा पडतो, मग वरून परत ओतायचं. मधमाश्यांचं मेण आणलं कूर्गचं — देखणं, पण स्वतःचाच मधाळ वास सोडतं, दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. वात बारीक झाली तर मध्ये विहीर खणत खाली जाते आणि आपल्याच मेणात बुडून मरते. जाड झाली तर ज्योत नाचते, बरणी काजळीनं काळी. आणि गंमत म्हणजे चंदनाला चाललेली वात मोगऱ्याला चालत नाही. का? सुगंधाचं तेल दाट असलं तर वातीला ते वर ओढवत नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. पेटवायचं, बघत बसायचं, विझवायचं, परत पेटवायचं.

वाती अक्काच्या. गप्पा मारता मारता सुती दोऱ्याची तिपदरी वेणी घालायची, न बघता, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी. आणि सुगंध माझा.

कारण माझं नाक. त्याचं कौतुक होतं बरं का गल्लीत. जिना चढता चढता मी सांगायचे — अमक्यांच्या घरी आज मेथी, तमक्यांचं दूध उतू गेलं. भाषा येत नव्हती, शिक्षण बेताचं, पण नाक होतं. पहिल्यांदा आम्ही मिठाईत घालायचा केवड्याचा इसेन्स मेणात घातला, तो तळाशी बसला आणि वात तडतडायला लागली. मग पेठेतून अगरबत्तीवाल्यांकडची तेलं आणली. ती निवडायची मी. थेंब मनगटावर, डोळे मिटायचे, निकाल द्यायचा.

परीक्षेची आमची पद्धतच होती. नवी बरणी न्हाणीघरात पेटवून दार लावायचं. मग दोघींनी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत चालत जायचं, नाक मोकळं करायचं, परत येऊन दार उघडायचं. आत पाय टाकल्यावर पहिल्या श्वासात जे येतं ते खरं. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं, मग ते आपल्याला फसवतं.

आता मुद्द्यावर येते. किती लांबवलं ना?

एका थंडीत मला सर्दी झाली. बेंगळुरूतली ती ओली, रेंगाळणारी सर्दी. ताप गेला, खोकला गेला, आणि एक दिवस फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली — काही नाही. डबी नाकाला लावली. काही नाही. लसूण ठेचला, कॉफीची पूड हुंगली, निरांजन विझवून धूर घेतला. नुसती हवा. पुढे महिने गेले, तरी नुसती हवाच.

कुणाला कळलं नाही. ह्यांना तपकिरीची सवय, त्यांचं नाक कधीच कामातून गेलेलं. आमटी लागली तर आम्हा दोघांनाही धूर दिसल्यावर कळायचं. मुलगी हॉस्टेलवर. आणि अक्का? अक्काला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिनं डोक्याला अमृतांजन चोळलं असतं, काढा दिला असता, आणि म्हणाली असती, “सरी, असू दे, आता मी हुंगते, तुम्ही मेण ओता.” एवढंच. पण मला ते एवढंच सोसवेना. मग मी कोण उरणार होते?

तर मी नाटक करायला लागले. आणि खरं सांगते — मला त्यात रस वाटायला लागला. वास दिसतो का हो? दिसतो! न्हाणीघराचं दार उघडलं की मी अक्काला पुढे करायचे आणि तिचा चेहरा बघायचे. चंदनाला तिच्या पापण्या जड व्हायच्या. गवती चहाला ओठांचा कोपरा हलायचा, चिंच बघितल्यासारखा. मोगरा जास्त झाला की हात कपाळाकडे. मी तिचा चेहरा वाचायचे आणि आपला निकाल म्हणून तिलाच सांगायचे. ती म्हणायची, “तुमचं नाक म्हंजे नाकच बघा वैनी!” आम्ही मेण तपासत होतो, वात तपासत होतो — आणि मी गुपचूप अक्काला तपासत होते.

एकदा तर — हे लिहितानाही हात अडतो — एकदा मी एक बरणी सुगंध न घालताच ओतली. मुद्दाम. फक्त बघायचं म्हणून. दार उघडलं, आणि तिच्या आधी मीच म्हणाले, “वा, हलका मोगरा!” ती गोंधळली. परत श्वास घेतला. परत. आणि मग हळूच म्हणाली, “हां... स्वल्प स्वल्प येतंय.” मला काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. नवल वाटलं. माणूस आपलं नाक सोडून दुसऱ्याच्या शब्दाचा वास घेतं, हे बघून मला नवल वाटलं.

त्यानंतर ते सोपं झालं. दिवाळीआधी आमच्या मराठी मंडळाच्या विक्रीसाठी आम्ही पुष्कळ बरण्या ओतल्या. लादीचं मेण त्या खेपेला स्वस्तातलं, तेलकट. अक्का म्हणाली, “रॉकेलचा वास मारतंय ओ.” चेहऱ्यावर मला काही नेमकं दिसलं नाही, आणि बरण्या तर भरून तयार. मी ठामपणे म्हणाले, “छे! शुद्ध गुलाब.” विक्रीच्या दिवशी दोन बायका बरणी उचलून, हुंगून, गप्प ठेवून गेल्या. मी ते पाहिलं. अक्कानंही पाहिलं असेल, पण ती म्हणाली, “आमच्या अव्वाचं, आईचं, नाक पण असंच गेलतं म्हातारपणी. मग हळूहळू अव्वा माणसांनाच विसरायला लागली.” हसत म्हणाली. पण त्या रात्री घाबरली असणार. कारण तेव्हापासून ती दूध घेऊन वर यायची — “वैनी, नासलंय काय बघा की.” आणि मी — काही वास येत नसलेली मी — पातेल्यावर वाकून बघायचे, साय फुटल्यासारखी दिसतेय का ते बघायचे, आणि उत्तर द्यायचे.

कळतंय ना कुठे चाललंय हे?

एका सकाळी तिनं खालून हाक मारली. मी गेले. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपाशी उभी होती, हातात काडेपेटी, तांदूळ धुऊन ठेवलेले. म्हणाली, “मला गॅसचा वास येतोयसा वाटतंय. का माझं नाकच तसं झालंय, देव जाणे. वास येतंय काय ओ, वैनी?”

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. सवयीनं. तिथे शोधायचं होतं मला — कपाळावर आठी, नाक आक्रसलेलं, काहीतरी. पण तिच्या तोंडावर काही नव्हतं. ती आपल्या नाकाला विचारतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, “काही नाही अक्का.”

तिनं काडी ओढली.

स्फोट वगैरे नाही. भस्सकन एक निळा पडदा उठला ओट्यावरून आणि क्षणात गेला. पण तिचा उजवा हात त्यात होता. पुढचे केस, भुवया. मी दारात होते, मला धग फक्त लागली. रेग्युलेटर बंद केला मी, हातावर पाणी ओतलं, ओरडले, शेजारचे धावून आले, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हे सगळं मी चांगलं केलं. सगळ्यांनी सांगितलंही — वैनी होत्या म्हणून वाचली.

गॅसवाला आला, म्हणाला, रबराची नळी शेगडीजवळ चिरलीय, बरेच दिवस झिरपत असणार. अक्काचे यजमान मला म्हणाले, “तुम्हाला वास आला नव्हता ना?” मी म्हणाले, “नाही.” खरं बोलले हो मी! इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले, आणि त्या खऱ्याचा उपयोग खोटं झाकायला केला. आणि अक्का कॉटवरून, हात कापसात गुंडाळलेला, माझीच बाजू घेत होती — “त्यांना आला असता तर त्यांनी सांगितलं नसतं काय? नंतर सुटला असंल. माझ्या नाकाचं काय धरता, ते गेलंय.”

मी तिच्या उशाशी बसले होते. मान हलवली. हो म्हणून.

तिची दोन बोटं नंतर नीट मिटली नाहीत. कातडी ओढली गेली. जेवायला, लिहायला अडलं नाही, पण वेणी जमेना. एकदा बसली होती दोरा घेऊन, पदर सैल पडत होते, पुन्हा उसवत होती. म्हणाली, “असू दे ओ, डोळ्यांनाही आता दिसत नाही.” तिला चांगलं दिसत होतं. मेणाच्या लाद्या मी माळ्यावर टाकल्या. तिला वाटलं, तिच्यामुळे बंद पडलं. तसं ती म्हणालीही एकदा, आणि मी म्हणाले, “असं मनाला लावून नाही घ्यायचं.” ऐकलंत ना? मी तिला क्षमा केली.

पुढे तिच्या मुलानं धारवाडला घर बांधलं, ते सगळे तिकडे गेले. जाताना तिनं उरलेल्या वातींची पिशवी मला दिली. आमचं फोनवर बोलणं होतं अजून. परवाच बोललो. नातीचं कौतुक सांगत होती — सकाळी दूध आलं की आधी तीच हुंगते, मग आजी तापवायला ठेवते. आमटीचं मीठ आजी बघते, पण वास नात. मजेनं सांगत होती. मी हसले.

माझं नाक पुढे थोडं परत आलं. सगळं नाही. चंदन कळतं, जळकं कळतं. एकदा दिवे गेले तेव्हा अक्काची एक वात घालून बरणी पेटवली — ज्योत स्थिर, काजळी नाही, कडेपर्यंत मेण वितळलेलं. बघत बसले. तिची वात चांगली होती. तिचं नाकही चांगलं होतं. रॉकेल होतं. गॅस होता. त्या बिनसुगंधाच्या बरणीत काही नव्हतं, आणि तिला आधी तेच कळलं होतं.

हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी मराठीत लिहिलंय. दुसऱ्या कशात लिहिणार म्हणा. पण अक्काची शाळा कन्नड. मराठी ती बोलते, ऐकते. वाचता येत नाही तिला. हे मला पहिलं अक्षर लिहितानाही माहीत होतं.