रुळावरचा हात

रूळ ओलांडण्याआधी चंद्राबाई मावशी खाली बसायची आणि लोखंडावर तळहात ठेवायची. डोळे मिटून थोडं थांबायची, मग म्हणायची, "लाइन मोकळी हाय. चल."

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला शेजारच्या या मावशीच्या हवाली केलं. आमचे शेवंतीचे वाफे रुळांपलीकडे, स्टेशन अलीकडे. फुलं तोडून रूळ ओलांडायचे आणि नाशिकरोडच्या बाजाराला जाणारी पॅसेंजर धरायची. पूल होता, पण पार फलाटाच्या टोकाला. टोपली घेऊन कोणी तो चढत नसे. मला रुळांची फार भीती वाटे, पण ते सांगायचं कुणाला? मावशीने हात ठेवला की मीही तिच्यामागे वाकून गुपचूप ठेवी.

मावशीला मात्र भय माहीत नव्हतं. फलाटामागे दगडी टाकी आहे, तिच्यावर आता पिंपळ उगवलाय. इंग्रजांच्या काळात कोळशाची इंजिनं तिथे पाणी घ्यायला थांबत, म्हणून हे स्टेशन झालं. टाकीत पाणी यायचं ते मावशीच्या सासरच्या विहिरीचं. ती म्हणायची, "या लाइनीनं आमचं पाणी पिलंय. ती आम्हाला खायची नाय."

तव्यावरची भाकरी ती हातानेच उलटायची, उकळत्या चहाचा पेला मुठीत धरायची. बायका कौतुकाने म्हणत, मावशीचा हात रुळाच्याच लोखंडाचा आहे.

एका हिवाळ्यात सकाळी एवढं धुकं पडलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्याच काय, समोरचा फलाटही दिसेना. मावशीने हात ठेवला. "लाइन मोकळी हाय," म्हणाली आणि उठली. माझा हात अजून रुळावरच होता. तळव्याला मुंग्या आल्यासारखं झालं. मी तिचा पदर धरून मागे ओढला. दोघी खडीत पडलो आणि समोरून गाडी गेली. विजेची इंजिनं, आवाज येतो तो अगदी जवळ आल्यावर. वाऱ्याने शेवंती आमच्या तोंडावर येत राहिली.

गाडी गेल्यावर मावशी बराच वेळ आपला तळहात बघत बसली.

"तुझ्या हाताला गाडीची थरथर लागली?"

मी होकाराची मान हलवली.

"मला नाय लागली गं."

दवाखान्यात कळलं, साखरेने हात बधिर झाले होते. कधीपासून, ते तिलाही सांगता येईना. इतकी वर्षं आम्ही सगळ्या त्या हातामागून रूळ ओलांडत होतो.

पुढे मावशी पुलावरून जायला लागली, पायरीपायरीला टेकत. विहिरीचं पाणी पुन्हा कधी तिच्या बोलण्यात आलं नाही.

शेवटी ती अंथरुणाला खिळली. तिचं घर रुळांना लागूनच. एका दुपारी तिने माझा हात ओढून खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठेवला.

"बघ गं, काय येतंय का?"

दांडा थरथरत होता.

"लाइन मोकळी आहे, मावशी," मी म्हटलं.

तिने डोळे मिटले. त्या संध्याकाळी ती गेली. दांड्यातून थरथर आली ती बाहेरून जाणाऱ्या मालगाडीची, तिच्या अंगाची की माझ्याच हाताची, कोण जाणे. अजून कुठल्याही लोखंडाला हात लागला की मी आधी श्वास धरते.