लूम बंद असलेला दिवस

नंदुरबारला गाडी सुटताना सासूबाई खिडकीशी आल्या. सुरतेत कुठे राहणार, काय खाणार, काही न विचारता शाळेचं तेवढं बोलल्या, "पोरीले शायमा धाडजो." वैशू तेव्हा पाच वर्षांची होती.

आक्का, थोरल्या बहिणीच्या हक्कानं तू दर पत्रात विचारायचीस, वैशू कितवीत गेली? मी ते सोडून बाकी सगळं लिहायचे. कारण दोन वर्षं ती पहिलीतच होती.

सुरतेतल्या नवागामात आमची खोली लूमच्या खात्याला, मागांच्या कारखान्याला लागून. त्या खडखडाटात अख्खी चाळ ओरडूनच बोलायची, तोंडासमोर येऊन, हातवारे करून. गुजराती शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तमारी छोकरी ध्यान ज नथी आपती." आम्हाला वाटलं, लक्ष देत नाही तो भाषेचा घोळ. मराठी शाळेत घातली, तर गुरुजींनी "मंद आहे" म्हणून शिक्का मारला. तळहातावर वळ घेऊन यायची. सकाळी दप्तर पाहिलं की तिचं पोट दुखायचं. मीही धपाटे घातले. त्याचा राग मला अजून येतो, स्वतःचाच.

एकदा लूमला सुट्टी होती. खातं बंद, चाळीचे आवाज आपोआप खाली आलेले. पाठमोऱ्या वैशूला मी साध्या आवाजात जवळ बोलावलं, "आठे ये." ती हलली नाही. पुन्हा म्हटलं. मग रोजच्यासारखी ओरडले, तशी ती वळली आणि हसली.

डॉक्टर म्हणाले, एक कान गेलेला, दुसरा अर्धा. आणि आम्ही भाषेला बोल लावत बसलो होतो! बहिऱ्या मुलांच्या शाळेत म्हणाले, ही तर छान बोलते, आमच्याकडे कशाला? साध्या शाळेत म्हणाले, एकीसाठी घसा कोण फोडणार? चपला झिजल्या. शेवटी कडोदऱ्याच्या एका छोट्या शाळेतल्या बाईंनी तिला पहिल्या बाकावर, आपल्या तोंडासमोर बसवलं. एवढंच करायचं होतं गं! आम्ही खोलीही तिकडेच हलवली.

"आधी का नाही सांगितलंस?" मी वैशूला विचारलं.

"माले वाटनं, शाया अशीच राहास."

गेल्या दिवाळीत तुझ्या अंगणात तू म्हणालीस, "हळू बोल ना, आठे लूम शेतस का?" मी आवाज खाली आणला आणि वैशू नुसती आमची तोंडं बघायला लागली. तुला वाईट वाटलं असेल, पण मी पुन्हा ओरडूनच बोलायला लागले. तिला ऐकू येतं ते माझं घर, आक्का. तुझ्या अंगणातसुद्धा.