पाय कोणी ठेवायचा

आमच्या सासरी माणसाला पाय लागला तर लागला म्हणून सोडून देत. कुऱ्हाडीला, विळ्याला, करवतीला लागलेला मात्र चालत नसे. चुकून लागलाच तर वाकून त्या वस्तूला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. मला हे नवं नव्हतं. माझ्या माहेरी, पौडला, वडलांची पिठाची गिरणी होती आणि तिथल्या ऑइल इंजिनालाही आम्ही पाय लावत नसू. पण हँडल मारताना वडील एक पाय खुशाल इंजिनाच्या पायथ्यावर रोवायचे, कारण नाही रोवला तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. मान आणि मनगट यांत मनगट आधी, एवढं शहाणपण माहेरी होतं. सासरी ते यायला फार वेळ लागला, आणि तोवर मला वेड लागायचंच काय ते बाकी राहिलं.

सासर कोळवण खोऱ्यात. घरची भाताची खाचरं होती, पण सुगी संपली की मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि आमचे 'हे' पुण्याच्या एका वखारवाल्यासाठी झाडं पाडायचे. (नावं मी तेव्हा घेत नव्हते, आता म्हातारपणी काय घेणार?) दोघांनी दोन टोकांना बसून ओढायची लांब करवत होती. बापलेक समोरासमोर बसत आणि दिवसभर एक शब्द न बोलता ओढत राहत. पानशेतचं धरण फुटल्यावर पुण्यात पडलेली घरं पुन्हा उभी राहायला लागली, लाकडाला मागणी आली आणि वखारवाल्याला घाई झाली. त्यानं कुठून तरी पेट्रोलवर चालणारी, लांब पट्टीभोवती दातांची साखळी फिरणारी परदेशी करवत आणली आणि एका मिस्त्रीबरोबर आमच्या अंगणात पाठवून दिली.

मिस्त्री मुंबईकडचा होता, पायात बूट. त्यानं मशीन जमिनीवर ठेवलं, डाव्या हातानं पुढची मूठ दाबून धरली, मागच्या मुठीवर बुटाचा पाय दाबला आणि उजव्या हातानं दोरी ओढली. मशीन असं काही ओरडलं की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मामंजींना म्हशीचं काही वाटलं नाही. त्यांची नजर त्या बुटावर.

"आरं ए, पाय काय ठिवतुयास? पोट भरनारं हत्यार हाय ते!"

"बाबा, पाय नाही ठेवला तर हातातून उडेल. कुणाची तरी मांडी जाईल," मिस्त्री म्हणाला.

"तुज्याकडं ऱ्हात आसंल तशी रीत. हितं न्हाई."

मिस्त्री एसटीच्या वेळेला निघून गेला. मामंजींनी मशीनवर गोमूत्र शिंपडलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते आणि कपाळाला हात लावून घेतला.

पहिल्या आठवड्यातच दोघांनी साखळी काढून पुसली आणि उलटी बसवली. त्यांच्या हातकरवतीचे दात जाताना कापत आणि येतानाही कापत, त्यामुळे दातांना तोंड असतं हे त्यांच्या डोक्यातच येईना. मशीन गर्जत होतं, लाकडातून धूर निघत होता आणि ओंडक्याला नुसतं पॉलिश होत होतं. "धार गेली," हे म्हणाले. "मशिनच खोटं हाय," मामंजी म्हणाले. मी भाकरीची पाटी खाली ठेवली आणि सांगितलं, की पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची तोंडं टोकाकडे पाहिजेत. एक तास कोणी ऐकलं नाही. मग ह्यांनी, जणू स्वतःलाच सुचलंय अशा थाटात, साखळी फिरवून बसवली. मी भाकरी वाढायला घेतली. त्या घरात शहाणी ठरण्यापेक्षा काम झालेलं बरं असतं.

साखळी सैल ठेवली तर ती पट्टीवरून उतरायची, आवळली तर तापायची. पेट्रोलात इंजिनाचं तेल मोजून मिसळायचं असतं, तर मामंजी विचारणार, "करडईचं का न्हाई चालत?" गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका, ओतलं तिथंच सुरू करू नका, शेजारी बिडी ओढू नका, हे मी इतक्या वेळा बोलले की शेजारीण मला "पेट्रोलवाली" म्हणायला लागली. मामंजी बिडी विझवायचे. विझवायचे म्हणजे कानावर ठेवायचे, धुगधुगी असलेली. पालथ्या घड्यावर पाणी.

पण या सगळ्यावर इलाज होता. पायावर नव्हता. मामंजी समोर असोत वा नसोत, हे काही मशीनवर पाय ठेवेनात. मग सुरू कसं करायचं? डाव्या हातात मशीन उचलून धरायचं, उजव्या हातानं दोरी ओढायची आणि त्याच झटक्यात मशीन खाली सोडायचं. हवेतल्या हवेत. मशीन लागलं की साखळी फिरायला लागलीच, आणि ती कुठं, तर गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. वर नेसूचं धोतर. मी रोज सकाळी तो प्रकार बघायचे. मला दुसरं काही नको होतं, दोन पायांवर चालणारा नवरा हवा होता.

मी तोडगे काढत राहिले. गुडघ्यानं दाबा, म्हटलं. "गुडगा म्हंजी पायच की." मध्ये पोतं टाका. "पोतं टाकल्यानं पायाचा हात व्हतो व्हय?" मग मशीनच्या मुठीवर दगड ठेवून बघितला, दोरी ओढताच तो घसरला आणि मामंजींच्या अंगठ्यावर पडला. मशीन झाडाला बांधून बघितलं, तर सुरू झाल्यावर सोडवायचं कोणी, यावर भांडण झालं. निदान धोतर सोडून जाड पँट घाला, म्हणून मी पौडच्या शिंप्याकडून शिवून आणली. ती ह्यांनी एकदा घातली, गावातल्या टाळक्यांनी "सायेब आलं" म्हटलं, आणि पँट जी ट्रंकेत गेली ती गेली.

त्यात दसरा आला. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. मधोमध मशीन. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची माळ. मी म्हटलं, हार घाला, पण त्या जाळीतून ते श्वास घेतं, तिथं हळदकुंकू नको. मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं, की देवाच्या नाकाला गंध लावू नका म्हणणारी ही कोण टिकोजीराव? आणि जाळीवरच चांगला मूठभर भंडारा उधळला. मग कापूर पेटवून तबक टाकीजवळून ओवाळायला लागले. मी ओरडले. टाकी मी आदल्या दिवशीच रिकामी करून ठेवली होती म्हणून, नाहीतर त्या वर्षी सोनं वाटायला आमच्या घरात कोणी उरलं नसतं.

पुढे आठवडाभरात ह्यांनी घराच्या वरच्या बांधावरचा वठलेला आंबा पाडायला घेतला. मी न्याहारी घेऊन गेले तेव्हा मामंजी बाजूला बसले होते आणि ह्यांच्या तोंडाला फेस आला होता. मशीन लागत नव्हतं. लागणार कसं? नाकात भंडारा, साखळीच्या झाकणात अक्षता. मी म्हणत होते की आधी जाळी काढून झटका. "थांब गं, लागतंय," म्हणत हे दोरी ओढत राहिले. पंधरा-वीस वेळा ओढून हात भरून आला, तसा त्यांनी पेट्रोलचा खटका पूर्ण दाबून धरला, मशीन उचललं आणि सगळ्या रागानं दोरी ओढली.

ते लागलं. पूर्ण वेगानं लागलं, आणि दमलेल्या हातातून वळून मांडीवर आलं.

मला आवाज आठवतो, कर्कश, आणि मग एकदम गच्च बंद. साखळीत धोतराचा सोगा गेला होता, निऱ्यांसकट. घडीवर घडी गुंडाळत कापड आत ओढलं गेलं आणि चाक जाम होऊन मशीन बंद पडलं. हे बांधावर बसले होते. मांडीवर वीतभर चर, वरवरची, पण रक्त भळाभळा. मी लुगड्याचा पदर फाडून बांधला. खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता.

मामंजी धावत आले आणि वाकून साखळीत गुंतलेलं धोतर बघायला लागले. 

"बग पोरी. धोतरानं वाचिवलं. तुजी पँट आस्ती तर?"

त्यांचं म्हणणं खरं होतं, हीच तर कमाल! पँटचं कापड आरपार फाटलं असतं आणि मांडीही. ज्या धोतरापायी मी वर्षभर घसा कोरडा केला, त्याच धोतरानं माझं कुंकू राखलं. पण त्या क्षणी ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. सासऱ्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता, पदर डोक्यावरून खाली येऊ दिला नव्हता. आता पदर ह्यांच्या मांडीला बांधलेला होता.

"मामंजी, तुमाला ल्योक पायजे का ह्या लोखंडाचा मान पायजे? एक काय ते सांगा. लोखंडच पायजे आसंल तर मी ह्यास्नी घिऊन पौडला जाती. आमच्या गिरनीत पाय ठिवत्यात, पर समद्यांचं पाय जाग्यावर हायेत."

आजूबाजूच्या शेतांतली माणसं गोळा झाली होती. सगळ्यांनी ऐकलं.  ह्यांना खांद्यावर घेऊन घरी आणलं. पुढे बरेच दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या दिवसांत मी मशीन खोललं. साखळीतून धोतराची एकेक चिंधी ओढून काढली, जाळी पेट्रोलमध्ये धुतली, भंडाऱ्याचा पिवळा गाळ खाली बसला. झाकणातून अक्षता निघाल्या त्या कोंबड्यांना टाकल्या. मामंजी ओसरीवरून बघत होते.

जखम भरली. वखारवाल्याचा निरोप आला. सकाळी हे मशीन घेऊन त्याच आंब्याकडे निघाले, मागून मामंजी, आणि त्यांच्यामागून मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी घरी थांबणार नव्हते. ह्यांनी सवयीनं मशीन उचललं.

"खाली ठिव," मामंजी म्हणाले.

ह्यांनी ठेवलं. मामंजींनी वहाणा काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या. गुडघ्यावर हात टेकून वाकले, मशीनला हात लावला, तो कपाळाला नेला. मग सरळ उभे राहिले आणि उजवा पाय, भेगाळलेला, अंगठ्याचं नख दगडानं काळं पडलेला, मागच्या मुठीवर ठेवून दाबला.

"ओढ आता."

"आबा, तुमी कशापायी..." हे म्हणाले.

"मंग काय तू ठिवनार? तुला आजून लई दिस खायाचंय त्याच्यावर. माजी लाकडं मसनात गेली. पाप लागंल ते मला लागू दे."

ह्यांनी दोरी ओढली. मशीन लागलं, पण जागचं हललं नाही.

मी तिथंच रडले असते. पण माझा स्वभाव मेला असा, की तोंडातून निघालं, "मामंजी, वहाणा तरी घाला. उघड्या पायावर साखळी आली म्हंजी?"

"वहानंचा पाय ठिवू? तुज्या बापाच्या गिरनीत ठिव!"

ते भांडण मी कधीच जिंकले नाही. त्या दिवसापासून मामंजी प्रत्येक कामाला जात, ते फक्त पाय ठेवायला. वाकायचे, नमस्कार करायचे, पाय ठेवायचे, मशीन लागलं की पुन्हा नमस्कार करून लांब जाऊन बिडी पेटवायचे. दिवसातून मशीन जितक्या वेळा बंद पडे तितक्या वेळा ते डोंगर उतरून यायचे. माझी चिडचिड संपली नाही. त्यात तो आंबा पाडल्यावर त्यातले दोन जाड ओंडके त्यांनी वखारवाल्याला देऊ दिले नाहीत. गोठ्यात कोरड्या जागी रचून ठेवले. "ऱ्हाऊ द्या, कामाला येत्याल," एवढंच म्हणाले. मला वाटलं, तुळईला नाहीतर दाराला ठेवत असतील. अडगळ म्हणून मी त्यावरही बोलून घेतलं.

काही वर्षांनी, ऐन आषाढात मामंजी गेले. आमच्याकडे आषाढ म्हणजे पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही. चितेला कोरडं लाकूड गावात कोणाकडे नव्हतं. तेव्हा ह्यांना गोठ्यातले ओंडके आठवले, आणि ते कोणासाठी ठेवले होते ते आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं. कुऱ्हाडीनं ते फुटणारे नव्हते. हे मशीन घेऊन आले, गोठ्याच्या दारात खाली ठेवलं आणि नुसते उभे राहिले. माणसं छत्र्या, इरली घेऊन अंगणात खोळंबलेली. हे एकदा मशीनकडे बघत, एकदा त्या ओसरीकडे, जिथं मामंजींना ठेवलं होतं.

पाय ठेवणारा माणूस तिथं निजला होता.

मी पुढे गेले. सुतकात नमस्कार करावा की नाही, हे विचारायला आता घरात कोणी नव्हतं. वर्षानुवर्षं ज्याला मी लोखंड म्हणून हिणवलं, त्या मशीनपुढे वाकले, हात लावला, कपाळाला नेला. पायात काही नव्हतं, घालावं असंही वाटलं नाही. मग उजवा पाय मुठीवर ठेवून दाबला.

"ओढा," मी ह्यांना म्हटलं.

जाता जाताही म्हाताऱ्यानं मला त्या मशीनच्या पाया पडायला लावलंच.